हेतूचे कर्तेपण

गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचे आयुष्य त्यांच्या जन्माआधीच बरेचसे ठरून गेले होते. घरची नारळीची बाग, तिची देखरेख, कुळाचार, मिसरूड फुटायच्या वयात लग्न आणि पुढे मुलाबाळांच्या हाती तेच सारे सोपवणे. शाळा जेमतेम झालेली, प्रकृती नाजूक. पोर्तुगीज अमलातल्या त्या मुलखात मराठी शिकलेल्या मुलाला पुढे जायच्या वाटाही फारशा नव्हत्या. अशा तरुणाच्या हाती विनायक कोंडदेव ओकांच्या ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातले बुद्धाचे छोटे चरित्र पडले आणि १८९९ साली, बायको व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून, त्याने घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकणे. बुद्धाचा धर्म अजून कुठे जिवंत आहे हे पाहायला नेपाळ. तिथे पदरी निराशा. मग बोधगया, कलकत्ता आणि १९०२ साली सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्याला पाली ग्रंथ भेटले आणि अंगावर काषाय वस्त्र आले. हाच माणूस पुढे हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनावर काम करतो, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवतो, लेनिनग्राडला जातो, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगतो, परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा करतो आणि मराठी वाचकाला बुद्ध मराठीतून देतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले, तेही महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिण्यासाठी. आणि कलकत्त्यातली अध्यापनाची नोकरी सोडून त्यांनी ते स्वीकारले.

हा हेतू कोसंबींकडे कुठून आला? घराण्याने दिला नाही, गुरूने दिला नाही, जातीने तर नाहीच. ईश्वराने दिला असे म्हणावे, तर ज्या धर्माकडे ते निघाले होते तो जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही. म्हणजे तो त्यांनी स्वतः निर्माण केला? तसे म्हणायला जावे, तर बुद्ध त्यांच्या आधी अडीच हजार वर्षे होऊन गेला होता, पाली ग्रंथ सिलोनच्या विहारांत भिक्षूंनी जपून ठेवले होते आणि मराठी माणसाला त्यांची ओळख नव्हती ही उणीव कोसंबींनी घडवलेली नव्हती. मात्र ‘बालबोध’चा तोच मजकूर इतर शेकडो घरांत वाचला गेला असणार. त्यातून घर सोडणारा निघाला तो हा एक. या पुस्तकाचा विषय या दोन गोष्टींच्या मधोमध आहे. माणूस आपल्या आयुष्याचा हेतू स्वतः निर्माण करू शकतो का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. परंतु तो होकार सहसा ज्या थाटात दिला जातो, त्या थाटात मला देववत नाही. हेतूचे कर्तेपण माणसाकडे असते. त्या हेतूचे मोल मात्र त्याच्या मर्जीवर ठरत नाही. या विषयावरचे बहुतेक वाद या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे वाढतात, असे मला वाटते, आणि पुढची पाने वाचणाऱ्याने ही एवढी फोड मनाशी ठेवावी म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवतो आहे.

होकाराचा सर्वांत बुलंद आवाज विसाव्या शतकात ज्याँ-पॉल सार्त्र यांचा होता. महायुद्ध संपून काही महिनेच झालेले असताना, २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, पॅरिसमधल्या गर्दीने फुललेल्या सभागृहात त्यांनी अस्तित्ववादावर जे व्याख्यान दिले, त्यातला दाखला आता सर्वांच्या तोंडी झाला आहे. कागद कापायची सुरी कारागीर बनवतो तेव्हा तिचा उपयोग त्याच्या डोक्यात आधीच असतो. वस्तू नंतर येते. माणसाचे उलट आहे. घडवणारा कुणी नसल्यामुळे माणूस आधी असतो आणि आपण कशासाठी आहोत हे तो मागाहून, आपल्या कृतींनी ठरवतो. युरोपची निम्मी शहरे उद्ध्वस्त झालेली, जुन्या संस्थांनी हुकूमशहांपुढे मान तुकवलेली. अशा वेळी या विचाराने तरुणांना केवढा आधार दिला असेल याची कल्पना येते. पण त्याच व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली आहे. तिने त्याच्या मुद्द्याला बळकटी येण्याऐवजी तो काहीसा सैल होतो. त्या मुलाचा भाऊ जर्मन आक्रमणात मारला गेला होता, बाप शत्रूशी जुळवून घेण्याकडे झुकलेला, आणि आई या उरलेल्या मुलाकडे पाहून जगणारी. त्याने इंग्लंडला पळून स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल व्हावे की आईजवळ राहावे? सार्त्रचा सल्ला असा की तू मोकळा आहेस, निवड कर, तुझा मार्ग तूच निर्माण कर. कुठलेही शास्त्र त्याच्यासाठी हा निर्णय करू शकत नव्हते, इथवर सार्त्रचे बरोबर आहे. परंतु ज्या दोन गोष्टींमध्ये त्याची ओढाताण होत होती, त्या दोन्हींचे मोल त्याने निवड करण्याआधीच ठरलेले होते. आईचे दुःख खरे होते, देश परक्याच्या टाचेखाली होता हेही खरे होते. आईजवळ राहावे की रस्त्यावरचे खडे मोजत बसावे, असा पेच घेऊन कुणी विद्यार्थी सार्त्रकडे आला नसता. निवड त्याची, पण ज्यांतून निवडायचे त्या गोष्टींचे वजन त्याने घातलेले नव्हते.

अमेरिकन तत्त्वज्ञ रिचर्ड टेलर यांनी १९७० साली हाच प्रश्न ग्रीक पुराणातल्या सिसिफसच्या आधाराने उलट बाजूने तपासला. सिसिफसला शिक्षा अशी की धोंडा डोंगरमाथ्यावर ढकलत न्यायचा, तो खाली गडगडायचा, पुन्हा न्यायचा, अनंत काळ. टेलर म्हणतात, समजा देवांना दया आली आणि त्यांनी सिसिफसच्या अंगात एक विलक्षण ओढ उत्पन्न केली: धोंडे ढकलण्याचीच ओढ. आता त्याला हवे ते त्याला अखंड मिळते आहे. टेलर यांच्या मते अशा सिसिफसचे आयुष्य अर्थपूर्ण झाले, कारण अर्थ माणसाच्या आतल्या इच्छेतून येतो. इथे पुष्कळ वाचक अडखळतात, मीही अडखळतो. सिसिफस आता सुखी आहे हे मान्य; धोंडा मात्र पहिल्यासारखाच गडगडतो आहे, आणि कुणाचे काही भले-बुरे होत नाही तेही पहिल्यासारखेच. बदललेली एकच गोष्ट, ती म्हणजे त्याला ते आता कळेनासे झाले. स्वतःच्या इच्छेने घेतलेला, पण ज्याला मोल नाही, असा हेतू कसा दिसतो याचा हा नमुना आहे. (शिवाय ही इच्छा त्याची स्वतःची तरी कुठे? देवांनीच ती घातली. टेलर या अडचणीवरून जरा घाईने पुढे जातात.) आपल्या भोवतीच्या जाहिरातींचा आणि समाजमाध्यमांचा कारभार पाहिला, तर माणसांच्या अंगात धोंडे ढकलण्याची ओढ घालणे हा केवढा मोठा उद्योग झाला आहे हे दिसते, म्हणून ही पुराणातली गोष्ट मला जुनी वाटत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण खऱ्या आयुष्यातले आहे आणि ते मराठी विचारविश्वाला परके नाही. आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले त्या जॉन स्टुअर्ट मिलचे. बाप जेम्स मिल यांनी मुलाला तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवायला घेतले आणि समाजसुधारणेसाठीच त्याला घडवले. हेतू उत्तम, तयारी परिपूर्ण. १८२६ साली, विशीत, या तरुणाने स्वतःला विचारले की ज्या सुधारणांसाठी मी झटतो आहे त्या सगळ्या या क्षणी पूर्ण झाल्या तर मला आनंद होईल का? आतून आलेले उत्तर होते, नाही. त्यानंतर कित्येक महिने तो खोल खिन्नतेत बुडाला. आत्मचरित्रात त्याने हे सगळे संयमाने आणि म्हणूनच फार परिणामकारकपणे लिहिले आहे. सुधारणांचे मोल त्या दिवसांत कमी झाले नव्हते. गुलामी वाईटच होती, मताधिकाराची गरज होतीच. उणीव होती ती कर्तेपणाची: हेतू बापाचा होता आणि मुलगा तो वाहून नेत होता. कवितेच्या वाचनाने आणि काळाच्या ओघात तो सावरला. त्यानंतरचा मिल पुन्हा सुधारकच राहिला, स्त्रियांच्या पराधीनतेवरचे त्याचे पुस्तक १८६९ सालचे आहे. पण आता मैत्रीण आणि पुढे पत्नी झालेल्या हॅरिएट टेलरच्या सहवासात, आणि बापाच्या शिकवणीतल्या बऱ्याच गोष्टी गाळून वा बदलून, तो हेतू त्याने नव्याने आपला करून घेतला होता. मिलकडे आधी मोल होते, कर्तेपण नव्हते. देवांच्या दयेने सुखावलेल्या सिसिफसकडे ओढ आहे, मोल नाही. सुझन वुल्फ या विदुषीने अलीकडे हेच नेमकेपणाने मांडले आहे: माणसाचे मन जिकडे ओढ घेते आणि जे खरोखर ओढ घेण्याजोगे असते, ती दोन्ही जिथे भेटतात तिथे आयुष्याला अर्थ येतो.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गातला कधीच नव्हता. सार्त्रच्या श्रोत्यांची तक्रार अशी होती की हेतू देणारा कुणी उरला नाही. इथल्या बहुसंख्य माणसांची तक्रार उलट होती: हेतू देणारे फार होते आणि दिलेला हेतू नाकारण्याची सोय नव्हती. चांभाराच्या पोटी जन्मलेल्याने कातडे कमवावे, ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्याने पोथी वाचावी, बाईने दोघांच्याही घरी चूल सांभाळावी. स्वधर्माच्या नावाखाली हे आयुष्यभराचे वाटप जन्माच्या क्षणीच उरकलेले असे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा मुख्य झगडा कर्म करावे की सोडावे हा होता, निवृत्तीकडे कललेल्या समाजाला लोकसंग्रहासाठी उभे करणे हे त्याचे बळ. कुणी कोणते कर्म करायचे हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी नव्हता. तो महात्मा फुल्यांनी त्याआधी चाळीस वर्षे विचारून ठेवला होता. ‘गुलामगिरी’ १८७३ची, आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना. गंमत अशी की फुले नास्तिक नव्हते. जगाचा एक निर्मिक ते मानत होते, आणि त्याने सर्व स्त्री-पुरुषांना सारखे हक्क देऊन जन्माला घातले आहे या श्रद्धेवर त्यांची सगळी मांडणी उभी होती. तेव्हा वरून आलेला अर्थ म्हणजे बेडी आणि आतून आलेला अर्थ म्हणजे मुक्ती, अशी सरधोपट वाटणी इथे चालत नाही. फुल्यांचा निर्मिक माणसाला काम नेमून देत नाही, काम निवडण्याचा हक्क देतो.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९२७मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. ते जन्मावरून आयुष्य वाटून देणाऱ्या व्यवस्थेला दिलेले जाहीर उत्तर होते. ऑक्टोबर १९३५मध्ये येवल्याला त्यांनी सांगितले की जन्म आपल्या हाती नव्हता, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. प्रत्यक्ष धर्मांतर झाले ते ऑक्टोबर १९५६मध्ये, नागपूरला. मधली एकवीस वर्षे ही टाळाटाळ नव्हती. वेगवेगळे धर्म तपासले गेले, शीख धर्माचा विचार गांभीर्याने झाला, ग्रंथ वाचले गेले, अनुयायांची मने अजमावली गेली. नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या त्या आंबेडकरांनी स्वतः तयार केल्या होत्या. हेतू निर्माण करणे म्हणजे मनात आले ते करणे, असे समजणाऱ्याने ही एकवीस वर्षे विचारात घ्यावीत. शिवाय हे एकट्या माणसाचे काम नव्हते. लाखोंनी एका दिवशी तोच निर्णय आपला केला, आणि त्यातल्या प्रत्येकाला तो आपला म्हणता आला याचे कारण जुन्या व्यवस्थेचा जाच प्रत्येकाने स्वतः भोगलेला होता. इथे कोसंबींचा आणखी एक धागा येऊन मिळतो. गौतमाने घर का सोडले याची म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसल्याची जी कथा आपण ऐकत आलो, ती कोसंबींनी ऐतिहासिक मानली नाही. सुत्तनिपातातल्या अत्तदण्डसुत्ताच्या आधारे त्यांनी दाखवले की माणसे एकमेकांवर शस्त्र उगारताना पाहून आलेला उद्वेग हे अधिक विश्वसनीय कारण आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आंबेडकरांनीही शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटाच गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. मतभेद असतील, पण या निष्कर्षात एक दिशा आहे: हेतू आतल्या पोकळीतून उगवत नाही, बाहेरच्या जगात काहीतरी बिघडलेले दिसते आणि ते पाहणारा तिथून हलत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप श्रद्धावानांचा. विश्वालाच जर काही हेतू नसेल, तर त्यातल्या एका मर्त्य जिवाच्या हेतूला काय अर्थ? टॉलस्टॉयने पन्नाशीच्या आसपास, कीर्ती, संसार, जमीनजुमला सारे हाती असताना, हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि त्या काळात घरातली दोरीही त्याला दूर ठेवावीशी वाटली. त्याचा हा कबुलीजबाब मनाचा थरकाप उडवतो आणि तो हसण्यावारी नेणे उथळपणाचे ठरेल. तरीही त्याची सुटका कशी झाली हे पाहावे. तो श्रद्धेकडे परतला खरा, पण धर्मशास्त्राच्या युक्तिवादाने नव्हे. कष्ट करून, दुःख सोसून शांतपणे जगणाऱ्या खेडुतांकडे पाहून. म्हणजे तिथेही वरच्या अर्थाकडे जाण्याची वाट शेजारच्या माणसांतूनच गेली. युक्तिवाद म्हणून पाहिले तर थॉमस नेगल यांनी १९७१ साली दिलेले उत्तर मला पुरेसे वाटते. लाखो वर्षांनी आपल्या आजच्या कृतींना काही महत्त्व उरणार नसेल, तर लाखो वर्षांनी ते उरणार नाही या गोष्टीलाही आज महत्त्व देण्याचे कारण नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवायला विश्वाची संमती लागत नाही. आणि ईश्वराने हेतू दिला असे धरले, तरी तो आपला मानायचा की नाही हा निर्णय माणसाकडेच राहतो. ज्याला हा निर्णय घ्यावासा वाटत नाही त्याची अवस्था विशीतल्या मिलसारखी होते, बापाच्या जागी देव एवढाच फरक. गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. त्यांनी मोठ्या पगाराच्या वाटा सोडून न्यू इंग्लिश स्कूल, फर्ग्युसन कॉलेज आणि ‘सुधारक’ यांना आपले अवघे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य दिले. परलोकातल्या हिशेबाचा भरवसा नसतानाही माणूस कसा जगू शकतो याचा याहून जवळचा दाखला मराठी वाचकाला नको.

दुसरा आक्षेप याच्या अगदी विरुद्ध बाजूने येतो आणि मला तो अधिक बोचतो. हेतू निर्माण करणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असे तो सांगतो. ज्याला संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत, त्याने कसला हेतू निर्माण करायचा? या आक्षेपाला आकड्यांचे एक अनपेक्षित उत्तर आहे. शिगेहिरो ओइशी आणि एड डीनर या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली १३२ देशांतली पाहणी तपासली. श्रीमंत देशांतले लोक आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी होते. पण आपल्या आयुष्याला काही अर्थ किंवा हेतू आहे असे सांगणाऱ्यांचे प्रमाण गरीब देशांत जास्त होते, आणि हा फरक मोठ्या प्रमाणात धार्मिकतेशी निगडित होता. म्हणजे भूक आणि अर्थहीनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र या आकड्यांवर गरिबांच्या समाधानाची गोड कहाणी रचू नये. अर्थ असल्याची भावना आणि अर्थ निवडण्याची मोकळीक यांत अंतर आहे. जन्माने दिलेला हेतूही ती भावना भरपूर देतो. म्हणून तर तो शतकानुशतके टिकला. ‘इकिगाई’ म्हणजे जगण्याचे प्रयोजन, या जपानी कल्पनेवरच्या पुस्तकांची दुकानांत जी चळत दिसते तिच्याबद्दलही तेच. जपानमधल्या ओसाकी येथे ४३ हजारांहून अधिक प्रौढांच्या सात वर्षांच्या पाहणीत, जगण्यात काही इकिगाई नाही असे सांगणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले, हे २००८ साली प्रसिद्ध झाले आहे. त्यावरून हेतू बाळगा आणि दीर्घायुषी व्हा, असा औषधी सल्ला काढणाऱ्यांनी दोन गोष्टी सोयीने विसरल्या. आजारी, एकाकी माणसाला जगणे निरर्थक वाटण्याची शक्यता मुळातच जास्त, हा एक भाग. आणि द्वेषावर उभ्या राहिलेल्या संघटनाही आपल्या तरुणांना हेतूची ही ऊब मुबलक पुरवतात, हा दुसरा. १९३०च्या दशकात युरोपातल्या लाखो मुलांना गणवेश, गाणी आणि जगण्याचा हेतू एकदमच मिळाला होता. छातीत ऊब वाटते एवढ्यावरून हेतूचे मोल ठरत असते, तर त्यांना चूक म्हणायला आपल्याकडे काहीच उरले नसते.

चैनीच्या आक्षेपातला खरा भाग आणखी वेगळा आहे. एकाने निर्माण केलेल्या हेतूचे बिल बहुधा दुसऱ्याच्या नावावर पडते. कोसंबी घर सोडून गेले तेव्हा त्यांच्या पत्नी बाळाबाईंच्या ओटीत तान्ही मुलगी होती. पुढे संसार पुन्हा मांडला गेला, दामोदर कोसंबींसारखा गणिती आणि इतिहासकार त्या घरात वाढला. पण मधल्या वर्षांत त्या बाईंना आपला हेतू निवडण्याची मोकळीक किती होती? बुद्ध, चैतन्य, तुकोबा, सार्‍यांच्या चरित्रांत हा प्रश्न घरात मागे राहिलेला असतो आणि चरित्रकार त्याला दोन ओळींत वाटेला लावतात. माझ्या मते याने हेतूच्या निर्मितीची कल्पना खोटी ठरत नाही. उलट तिच्यातून निघणारी मागणी मोठी होते. निवडण्याची मोकळीक मोलाची असेल तर ती एकाच्या वाट्याला येऊन भागत नाही. शिक्षण, मालमत्तेचा हक्क, लग्नातून बाहेर पडण्याचा हक्क, मूल कधी आणि किती व्हावे हे ठरवण्याचा हक्क, या रूक्ष कायदेशीर गोष्टी हेतूच्या चर्चेत परक्या वाटतात, पण बाईच्या आयुष्यात ती चर्चा सुरू होण्याची अट तीच आहे.

शेवटचा आक्षेप तर्काचा आहे. हेतूचे मोल जर बाहेर, आपल्या मर्जीपलीकडे असेल, तर माणूस हेतू निर्माण करतो असे का म्हणायचे? त्याला तो सापडतो म्हणा. नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचे म्हणणे हेच होते. छावणीत जगण्याची आशा सोडलेल्या दोन माणसांची हकीकत त्यांनी दिली आहे. एकाचे मूल परदेशात त्याची वाट पाहत होते. दुसरा शास्त्रज्ञ होता आणि त्याची ग्रंथमाला अपुरी राहिली होती. दोघांनाही आठवण करून द्यावी लागली की तुमच्याखेरीज हे काम दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. फ्रँकल यांच्या अनुभवापुढे वाद घालताना संकोच वाटतो. तरी त्यांचेच उदाहरण बारकाईने पाहिले तर सापडणे हा शब्द अपुरा पडतो. मूल होते हे खरे. त्या मुलासाठी जगायचे हे मात्र त्या माणसाला ठरवावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ठरवावे लागले असणार.

र. धों. कर्व्यांचे आयुष्य या मुद्द्यावर मला सर्वांत बोलके वाटते. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक होता. वडिलांचे कार्य डोळ्यांसमोर होते, त्यातच राहिला असता तर सन्मानाची वाट मोकळी होती. एकामागून एक बाळंतपणांनी खंगणाऱ्या, मरणाऱ्या बायका त्या काळच्या प्रत्येक आळीत होत्या. ही गरज र. धों.नी शोधून काढली असे कुणी म्हणणार नाही, ती डॉक्टरांना दिसत होती, सुइणींना दिसत होती, स्मशानात दिसत होती. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी प्राध्यापकी गेली. जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. लिहायचे, छापायचे, पदरमोड करायची, अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यायचे (१९३४च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते) आणि पुढच्या महिन्याचा अंक काढायचा. ईश्वरावर विश्वास नाही, परलोकाचा भरवसा नाही, जमावाचे पाठबळ नाही, यशाची चिन्हे नाहीत. संसाराचा भार पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून उचलला. बिलाचा जो मुद्दा वर काढला तो इथेही लागू आहे, फरक इतकाच की इथे ते बिल दोघांनी मिळून स्वीकारलेले दिसते. सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तो १९५२ साली. म्हणजे पाव शतक ज्याला समाजाने विक्षिप्त ठरवले, त्याच्या कामाचे मोल त्या सबंध काळात होतेच. मान्यता तेवढी नव्हती. ऑक्टोबर १९५३मध्ये र. धों. गेले आणि ‘समाजस्वास्थ्य’ त्यांच्याबरोबर थांबले. बाळंतपणात मरणाऱ्या बायका तेव्हाही होत्या, छापखाने होते, वाचकही होते. पुढच्या महिन्याचा अंक काढणे हे ज्याने आपले काम ठरवले होते तो माणूस तेवढा नव्हता, आणि अंक निघेनासा झाला.